हिमालयातील सूचिपर्णी वृक्षांचा अभ्याससंच : एका वर्षाच्या वापरानंतर

जळगाव जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी, कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. अनावृतबीजी, म्हणजे फळाविना उघडे बी धरणाऱ्या, वनस्पतींचा पाठ दरवर्षी येतो आणि दरवर्षी तीच अडचण उभी राहते, की ज्या झाडांविषयी तासभर बोलायचे त्यांपैकी एकही आपल्या खान्देशात रानात उगवत नाही. तोरणमाळचे पठार हजार मीटरांहून उंच असले तरी तिथेही साग, सालई, धावडा आणि मोहच भेटतात. मुलांनी पाहिलेली असते ती अंगणातली मोरपंखी, जी मूळची चीनकडची, आणि बंगल्याच्या फाटकाजवळ कुंडीत उभे असलेले ‘ख्रिसमस ट्री’, ज्याची जात पॅसिफिक महासागरातील बेटांवरची. त्यात भर म्हणजे सुरूच्या झाडाखालची बोंडे वेचून आणून ‘मॅडम, हा पाइनचा शंकू’ असे सांगणारे एक-दोघे प्रत्येक वर्गात असतातच. सुरू हे फुलझाड आहे. त्याच्या सुया म्हणजे पाने नसून सांध्यासांध्यांच्या हिरव्या काड्या आहेत आणि खरी पाने त्या सांध्यांवर दातऱ्यांसारखी चिकटलेली असतात, हे नुसते बोलून पटत नाही, कारण तुलनेला खरी सुई हाताशी नसते.

म्हणून गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी पश्चिम हिमालयातील सूचिपर्णी वृक्षांचा एक अभ्याससंच टपालाने मागवला. टपालखर्चासह दोन हजार आठशे रुपये पडले. तयार करणारी मंडळी लहान प्रमाणावर काम करणारी आहेत आणि पुढे काही चुकाही सांगायच्या असल्याने त्यांचे नाव इथे देत नाही. संचात सात झाडे आहेत, तिकडच्या नावांनी : चीड, कैल, चिलगोझा, देवदार, राई (स्प्रूस), तोष (फर) आणि थुनेर (यू). प्रत्येकाची दाबून वाळवलेली डहाळी, थुनेराखेरीज बाकींचा शंकू, बियांची पुडी आणि बोटभर जाडीची लाकडाची चकती आहे. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या सहा काचपट्ट्या आणि हिंदीतील चाळीस पानांची पुस्तिका. सर्व नमुने जंगलात खाली पडलेले आहेत आणि थुनेराची डहाळी रोपवाटिकेतील छाटणीची आहे, असे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे. ही नोंद मला महत्त्वाची वाटली आणि तिचे कारण पुढे येईल.

आधी चिडाविषयी लिहिते, कारण संचातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे चिडाचा शंकू. तो पसरलेल्या पंजाएवढा, जड, जाड लाकडी खवल्यांचा आहे. मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंशांच्या आसपास ऊन असताना तो प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला होता आणि त्याचे सगळे खवले ताणून उघडले होते. एका संध्याकाळी आम्ही तो बादलीभर पाण्यात बुडवला. सकाळी एका मुलीने झाकण उचलले आणि तिच्या तोंडून सरळ अहिराणीच निघाली, ‘मॅडम, हाऊ ते बंद व्हई गया!’ शंकू मुठीसारखा मिटला होता. त्यानंतर तीन दिवस उन्हात ठेवल्यावर तो पुन्हा पूर्ण उघडला आणि वर्षभरात हा प्रयोग किमान पंधरा वेळा करूनही त्यात फरक पडलेला नाही. शंकू कधीचाच मेलेला आहे, तरी तो हलतो. खवल्याच्या बाहेरच्या थरातील पेशी ओलाव्याने लांबीत वाढतात, आतला थर फारसा वाढत नाही आणि त्या ओढाताणीत खवला आतल्या बाजूला वळतो; वाळला की उलट घडते. चिडाचे शंकू कोरड्या उन्हाळ्यात उघडतात, पंख असलेल्या बिया गरम वाऱ्यावर दूर जातात आणि महिना-दोन महिन्यांत येणाऱ्या पावसावर रुजतात, हा सगळा व्यवहार त्या बादलीतून मुलांना कळला. पुस्तिकेत या प्रयोगाचा उल्लेख नाही आणि तो नसणे ही मी संचाची मोठी उणीव मानते.

चीड, कैल आणि चिलगोझा ही तिन्ही झाडे पाइन कुळातील एकाच प्रजातीची (जीनस) असून त्यांची ओळख सुयांच्या जुडग्यावरून होते. चिडाच्या जुडग्यात तीन सुया, वीतभर किंवा त्याहून लांब. कैलाच्या जुडग्यात पाच, बारीक आणि निळसर झाक असलेल्या. चिलगोझ्याच्या पुन्हा तीनच, पण आखूड आणि ताठ. मुलांना मी सांगते, की जुडग्यातील सुया बोटांत धरून एकत्र मिटवा. चिडाच्या तीन सुया मिळून एक गोल काडी होते, कारण प्रत्येक सुई त्या वर्तुळाचा तिसरा हिस्सा असते. कैलाची सुई पाचवा हिस्सा. सुईच्या आडव्या कापाची काचपट्टी पाहण्याआधी हे करून घेतले, तर पट्टीवरची आकृती पाठ करावी लागत नाही. नावांचा भाग मी थोडक्यात आटोपते : चिडाच्या शास्त्रीय नावात विल्यम रॉक्सबर्ग आणि कैलाच्या नावात नॅथॅनियल वॉलिच आहेत, आणि या दोघांनीही कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा कारभार पाहिला होता.

चिडाच्या लाकडाची चकती आली तेव्हा तिच्या कडेला राळेचे थेंब होते, ते उन्हाळ्यात पुन्हा चिकट झाले. इथे आपल्या सातपुड्यातील मुलांकडे सांगण्यासारखे बरेच असते. नंदुरबारकडच्या एका विद्यार्थ्याने घरून सालईचा आणि धावड्याचा असे दोन्ही डिंक आणले आणि आम्ही तीन परीक्षानळ्या मांडल्या. धावड्याचा डिंक पाण्यात हळूहळू विरघळून गेला. डिंकाचे लाडू होतात ते याच डिंकाचे. चिडाची राळ पाण्यात तशीच पडून राहिली, पण रंगाच्या दुकानातून आणलेल्या टर्पेंटाइनमध्ये विरघळली, आणि ते योग्यच होते, कारण टर्पेंटाइन पाइनच्या राळेपासूनच काढतात. सालईच्या डिंकाने पाणी दुधाळ केले आणि थोडा गाळ खाली ठेवला, कारण त्यात डिंक आणि राळ दोन्ही असतात. डिंक आणि राळ यांतील फरक मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले होते.

वणव्याच्या विषयावर पुस्तिका एका परिच्छेदात थांबते, हे मला खटकले. चिडाच्या सुया, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, ऐन उन्हाळ्यात गळून जमिनीवर जाड थर करतात आणि त्यात राळ असल्याने एक ठिणगी पुरते. मोठ्या चिडाला त्याची जाड, भेगाळलेली साल वाचवते, मात्र त्याच उतारावर रुजलेली बांज ओकची कोवळी रोपे जळून जातात आणि वारंवार आग लागत राहिली की डोंगर चिडाच्या ताब्यात जातो. आपल्याकडे मोहाची फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि आग हाताबाहेर गेली की सागाचे जुने झाड तगते पण इतर रोपे जातात, हे सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यांना चिडाचे गणित समजायला पाच मिनिटेही लागली नाहीत. संच करणाऱ्यांनी थोडे पिरूल आणि सालीचा एक तुकडा पेटीत घालावा, अशी माझी सूचना आहे.

देवदाराची पिशवी उघडली तेव्हा मात्र मी रागावले होते. आत शंकूच नव्हता. पंख्याच्या आकाराचे सुटे खवले, मधला एक दांडा आणि लाकडी गुलाबासारखा दिसणारा एक शेंडा एवढेच होते. टपालात फुटला असे समजून मी तक्रारीचे पत्र लिहायला घेतले आणि अर्ध्यावर थांबले, कारण चूक माझी होती. देवदाराचा शंकू फांदीवर उभा, पिंपासारखा वाढतो, पिकायला सुमारे वर्ष घेतो आणि पिकल्यावर झाडावरच विखरून पडतो. बी आणि खवले उडून जातात आणि दांडा फांदीवर उभा राहतो. जमिनीवर सापडतो तो शेंड्याचा तो गुलाब. तोषाचेही असेच होते. उलट चीड, कैल आणि राई यांचे शंकू अखंड खाली पडतात. पडलेलेच नमुने गोळा करायचे असा ज्यांचा नियम आहे, त्यांच्या पेटीत देवदाराचा अखंड शंकू येणार नाही, आणि आला असता तर तो झाडावरून तोडलेला असता. एवढी सुंदर गोष्ट पुस्तिकेने दोन ओळींत सांगायला हवी होती, कारण माझ्यासारखे रागावणारे ग्राहक आणखीही असतील.

देवदाराच्या लाकडाची चकती आणि आमच्या गावच्या सुताराकडून आणलेला सागाचा तुकडा शेजारी ठेवून भिंगातून पाहिले, की सागात वाढीच्या प्रत्येक वलयाच्या कडेने छिद्रांची रांग दिसते आणि देवदारात एकही छिद्र दिसत नाही. सागात पाणी चढवणाऱ्या रुंद वाहिन्या असतात. सूचिपर्णी वृक्षांत केवळ अरुंद वाहिनिका असतात आणि झाडाला आधार देण्याचे कामही त्याच करतात. देवदाराच्या चकतीला वर्षानंतरही वास आहे, आणि पावसाळ्यात कैलाच्या चकतीला भुंग्याने भोके पाडली तेव्हा तिला चिकटून असलेल्या देवदाराच्या चकतीला एकही भोक पडले नाही. तो वास मुलांना ओळखीचा वाटावा असे मी म्हणत नव्हते, पण एका मुलीने सांगितले, की घरी वहिनीसाठी आणलेल्या बाळंतकाढ्याच्या पुडीला असाच वास होता. तिचे बरोबर होते. बाळंतिणीला देतात त्या देवदार्व्यादि काढ्याचे नावच या झाडावरून पडले आहे. ज्या घराने हिमालय पाहिलेला नाही, त्या घरातही बाळंतपणाच्या निमित्ताने देवदाराची ढलपी पोचलेली असते.

राई आणि तोष यांच्या बाबतीत चूक खरोखरच विक्रेत्याची होती. ‘तोष’ असे लिहिलेल्या पिशवीत डहाळी जवळजवळ उघडी होती आणि सुया तळाशी गोळा झाल्या होत्या. डहाळीवर हात फिरवला तर किसणीसारखे खरखरीत लागत होते. वाळल्यावर सुया झडून मागे बारीक खुंट्या उरणे हे राईचे लक्षण आहे. ‘राई’ लिहिलेल्या दुसऱ्या पिशवीतील डहाळीवर मात्र सुया टिकून होत्या, आणि एक उपटली तर तिथे गुळगुळीत गोल वण दिसला, जो तोषाचा असतो. खात्री करण्याची आणखी एक सोपी रीत आहे : सुई अंगठा आणि तर्जनी यांत धरून फिरवावी. राईची चौकोनी असल्याने फिरते, तोषाची चपटी असल्याने फिरत नाही, आणि तिच्या पोटाला दोन पांढुरके पट्टे व टोकाला बहुधा बारीक खाच असते. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्याचे मी कळवले. त्यांनी मान्य करून आठ दिवसांत दुरुस्त चिठ्ठ्या पाठवल्या आणि सोबत तोषाची नवी डहाळीही पाठवली. ही झाडे एकाच उंचीवर, साधारण अडीच हजार मीटरांच्या वर, बहुधा मिसळूनच वाढतात, आणि ‘मोरिंडा’ हे एकच नाव कुठे राईला तर कुठे तोषाला वापरतात, त्यामुळे गोळा करणाऱ्याची गल्लत कशी झाली असेल हे समजते. तरी शिकवण्याच्या साहित्यात अशी चूक राहू देऊ नये. लाकूड मऊ आणि हलके असल्याने सफरचंदाच्या पेट्यांसाठी या दोन झाडांची फार तोड झाली, आणि पुठ्ठ्याची खोकी आल्यावर तो भार उतरू लागला, हे पुस्तिकेने चांगले मांडले आहे.

याच भिंगाने पुढे एक वेगळेच काम झाले. आयुर्वेदातील तालीसादि चूर्णात पडणारे तालीसपत्र म्हणजे तोषाच्या प्रजातीतील झाडांची पाने, पण बाजारात त्याच नावाने थुनेराची पानेही विकली जातात, हे वाचलेले होते. आम्ही काष्ठौषधीच्या एका दुकानातून पन्नास ग्रॅम तालीसपत्र आणले आणि संचातील दोन्ही डहाळ्या शेजारी ठेवून निवडायला बसलो. बहुतेक पाने खाचेच्या टोकाची, पांढऱ्या पट्ट्यांची होती. काही मात्र अणकुचीदार टोकाची, आखूड देठाची आणि खालून पिवळसर हिरवी होती. नुसत्या दिसण्यावर विसंबू नये म्हणून ती भिजवून आडवे काप काढले. तोषाच्या पानात दोन राळनलिका असतात आणि थुनेराच्या पानात एकही नसते. आमच्या कापांत एकही दिसली नाही. थुनेराच्या पानांतील टॅक्सीन हे द्रव्य हृदयाला घातक आहे. दुकानदाराला आम्ही ती पाने नेऊन दाखवली आणि त्याने उरलेला माल बाजूला ठेवला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी, भिंग आणि ब्लेडच्या बळावर हे शोधून काढले, याचे श्रेय मी या पेटीला देते.

थुनेर या सात जणांत वेगळा पडतो. बाकी सहा पाइन कुळातील आहेत, हा त्या कुळातला नाही. त्याला खवल्यांचा शंकू नसतो. एकच बी असते आणि तिच्याभोवती लाल, रसाळ पेला असतो. पुस्तिकेने त्याला ‘फल’ म्हटले आहे, ते चुकीचे आहे, कारण फळ अंडाशयापासून होते आणि अनावृतबीजींना अंडाशयच नसतो. पक्षी तो पेला खातात आणि बी न फोडता टाकतात. झाडाचा बहुतेक सगळा भाग विषारी असला तरी तो पेला तेवढा नसतो. अमेरिकेतील याच प्रजातीच्या एका झाडाच्या सालीतून मनरो वॉल आणि मूळचे भारतीय असलेले मनसुख वाणी यांनी कर्करोगावरील टॅक्सॉल वेगळे केले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढे हिमालयातील थुनेराच्या पानांना आणि सालीलाही मागणी आली, आणि सावलीत अतिशय मंद वाढणाऱ्या या झाडाला ती सोसली नाही. आज ते धोक्यात असलेल्या वृक्षांमध्ये गणले जाते. डहाळी रोपवाटिकेतील आहे ही नोंद मला महत्त्वाची वाटली ती म्हणून. ती नसती तर मी संच परत केला असता.

चिलगोझ्याविषयी फार लिहीत नाही. पावसाळी ढग जिथे पोचत नाहीत अशा हिमाचल प्रदेशातील किन्नौरच्या कोरड्या उतारांवर तो वाढतो आणि त्याच्या बियांना इतका भाव आहे, की शंकू जवळजवळ सगळेच उतरवले जातात आणि रुजायला बी उरत नाही. जळगावच्या सुकामेव्याच्या दुकानात मिळतो तो हाच. कैलाच्या उलट, त्याच्या बीला उडण्याजोगा पंख नसतो, आणि तो दूर पोचतो तो बी लपवून ठेवणाऱ्या पक्ष्यांमुळे.

काचपट्ट्यांपैकी परागकणांची उत्तम आहे. मधला कण आणि त्याच्या दोन बाजूंना हवेचे दोन फुगे इतके स्वच्छ दिसतात, की वारा हाच यांचा वाहक आहे हे सांगावे लागत नाही. मुळाच्या कापाची पट्टी मात्र निकामी निघाली. तिच्यात हवेचा बुडबुडा आहे. याच मुळांवर राहणाऱ्या बुरशीची एखादी पट्टी हवी होती. आम्ही डिसेंबरमध्ये चिडाच्या दहा बिया कुंडीत पेरल्या, सहा उगवल्या आणि एका रोपाला चक्क अकरा बीजपत्रे मोजली. फेब्रुवारीनंतर मात्र ती पिवळी पडली आणि एप्रिलअखेर सगळी गेली. ऊन हे कारण आहेच, पण पाइन कुळातील झाडांना मुळांवर सोबतीची बुरशी लागते, तिच्यामार्फत ती क्षार घेतात, आणि आपल्या काळ्या मातीच्या कुंडीत ती कुठून येणार? पेटीतील बिया लावून अंगणात देवदार उभा करू असे समजून कोणी हा संच घेऊ नये.

पुस्तिकेतील एक विधान दुरुस्त व्हावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘भारत के शंकुधारी अर्थात हिमालय के वृक्ष’ असे तिच्यात म्हटले आहे. दक्षिणेकडे, केरळ आणि तामिळनाडूच्या पश्चिम घाटातील सदाहरित जंगलांत एक सूचिपर्णी वृक्ष मूळचाच आहे, आणि त्याचे पान सुईसारखे नसून चांगले रुंद आहे. त्यात मधली शीर नसते, सगळ्या शिरा समांतर जातात. त्याला ‘सूचिपर्णी’ म्हणताना आपलाच शब्द अपुरा पडतो. त्याचे एखादे दाबलेले पान या पेटीत आले, तर सुई म्हणजे सूचिपर्णी आणि सुरू म्हणजे पाइन या दोन्ही समजुती एका तासात मोडतील. आणि आपल्या भूमीशीही सूचिपर्णी वृक्षांचा संबंध अगदीच नाही असे नाही : नागपूरजवळच्या टाकळी येथील दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळाच्या खडकांत अश्म झालेले शंकू सापडले आणि वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बीरबल साहनी यांनी त्यांचे वर्णन केले.

घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. मागवताना चिडाचे दोन शंकू मागावेत. एक बादलीत राहतो आणि एक तुलनेला लागतो. भिंग संचात नाही, दहापट मोठे दाखवणारे वेगळे घ्यावे. राईची डहाळी पारदर्शक पिशवीतून काढूच नये, झडलेल्या सुया पिशवीतच राहू द्याव्यात. पावसाळ्याआधी कैलाची आणि चिडाची चकती दोन दिवस कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाच्या पाल्यासह वेगळ्या डब्यात ठेवावी. आमच्या कैलाच्या चकतीचे जे झाले ते टळेल. थुनेराची पुडी कुलपात ठेवावी आणि मुलांच्या हाती देण्याआधी ती तोंडात घालायची नाही हे सांगावे. मराठी पुस्तिका काढायची तयारी त्यांनी पत्रातून दाखवली आहे, आणि तिचा पहिला मसुदा तपासून देण्याचे मी त्यांना कळवले आहे.